आधी एक गोल हलवून बघ

अरे, पहिल्याच दिवशी मोठा गेम करायला बसू नकोस की. पी फाइव्ह जेएस म्हणजे कोड लिहून हलती चित्रं काढायचं साधन, त्याचा एडिटर उघड. ब्राउझरमध्येच चालतो, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. त्यातलं ड्रॉ हे फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, सेकंदाला साधारण 60 वेळा चालतं, सगळी गंमत तिथंच आहे. माउस असेल तिथं एक गोल काढ. आता बॅकग्राउंडची ओळ, म्हणजे सगळा पडदा एका रंगानं भरणारी, ड्रॉमधून उचलून सेटअपमध्ये टाक; सेटअप सुरुवातीला एकदाच चालतं. जुने गोल पुसलेच जात नाहीत, माउसमागं लांब शेपटी उमटते. माझ्याकडून हे चुकून झालं होतं, आणि टिळकवाडीतल्या खोलीत मी रात्री एकपर्यंत नुसत्या रेघोट्या मारत बसलो!

इथं वाय, म्हणजे पडद्यावरचं उभं अंतर, वरून खाली वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या उलट. म्हणून खानापूरचा पाऊस पाडायला एकदम सोपा. थेंबाच्या वायमध्ये दर फ्रेमला, म्हणजे ड्रॉ चालेल तेव्हा, 4 मिळव, तळाला गेला की परत शून्य. मग प्रत्येक थेंबाला रँडमनं वेगळा वेग दे, माउस सरकेल तसा पाऊस तिरका कर. रंगांचं नंतर बघू.

आणि मधेमधे सेव्ह करत जा बाबा, खऱ्या पावसात आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही.