‘अनिश्चित’ नव्हे, ‘अपरिभाषित’

चांदूरबाजारच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं आहे: सी भाषेतल्या ‘अनडिफाइन्ड बिहेविअर’ला आमचे सर ‘अनिश्चित वर्तन’ म्हणतात, ते बरोबर आहे काय? आणि त्यामुळं प्रोग्राम जलद कसा काय चालतो?

बरोबर नाही, आणि हे ‘अनिश्चित’ आता अमरावतीपासून गडचिरोलीपर्यंत ज्याच्या-त्याच्या वहीत दिसतं. फंक्शनला दिलेल्या दोन किमतींपैकी आधी कोणती काढायची, हे सी ठरवून देत नाही. दोन्ही क्रम चालतात. ते अनिश्चित. अनडिफाइन्डमध्ये कोणताच निकाल बांधलेला नसतो. दोघांना एकच शब्द दिला तर विद्यार्थ्यानं फरक ओळखावा कशावरून?

काही जाणकार ‘अव्याख्यात’ सुचवतात. तेही मला मान्य नाही. व्याख्या म्हणजे उलगडून सांगणं, आणि अशा जागा तर सीच्या मानकानं परिशिष्टात यादी करून सांगितल्या आहेत. उणीव आहे ती नियमाची. महानुभाव पंथाचं रिद्धपूर ज्यांच्या शेजारी आहे, त्यांनी तरी सूत्र आणि भाष्य यांची गल्लत करू नये.

शब्द हवा ‘अपरिभाषित’. परिभाषा म्हणजे नुसती शब्दांची यादी नव्हे. संस्कृत व्याकरणाच्या पाणिनीय परंपरेत तिचं लक्षणच असं आहे: ‘अनियमे नियमकारिणी’, जिथं नियम नाही तिथं नियम घालून देणारी. महाभाष्यकार पतंजली म्हणतो, परिभाषा एका जागी राहून सगळं शास्त्र उजळते, जसा दिवा सगळं घर. दोन सूत्रं भिडली तर नंतरचं सूत्र लागतं, हे ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ अशीच एक परिभाषा सांगते. म्हणजे अपरिभाषित ती जागा, जिथं या दिव्याचा उजेडच पोचत नाही. इतका नेमका शब्द घरात असताना ‘अनिश्चित’ कशाला?

वेगाचं कारणही यातच आहे. त्या जागी प्रोग्राम कधी जाणारच नाही, असं कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, धरून चालतो आणि तेवढी कामं गाळतो. जिनिंगच्या कापसाचं वजन ग्रॅममध्ये ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही मावणाऱ्या) पूर्णांकात जमा केलं, तर २,१४,७४,८३,६४७ ग्रॅमवर, म्हणजे सुमारे २१,४७५ क्विंटलवर मर्यादा संपते. त्यापुढची बेरीज सीमध्ये अपरिभाषित. तुम्ही ‘एकूण + १०० < एकूण’ अशी तपासणी लिहिली, तर ऑप्टिमायझेशन (वेगासाठीची काटछाट) चालू असलेला कंपायलर म्हणणार, बेरीज मर्यादा कधी ओलांडत नाही, मग ही अट खोटीच. आणि ती काढून टाकणार. जावा भाषेत असं होत नाही, तिथं आकडा वळून ऋण होतो, हे ठरलेलं आहे. रस्ट भाषेत डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीची) थांबते, रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापरासाठीच्या) आकडा वळतो. दोन्ही परिभाषित.

सीमध्ये तपासणी बेरजेआधी करा: ‘एकूण > कमाल - १००’ असेल तर बेरीज करूच नका. ही अट कंपायलर काढू शकत नाही.