‘टायगर जिंदा है’ हा ‘एक था टायगर’पेक्षा चांगला आहे का? त्यात काय खटकतं?

चांगला आहे, निर्विवाद. पण हेरपट म्हणून कच्चा आहे.

२०१२ चा पहिला भाग मुळात प्रेमकथाच होती. रॉचा माणूस (सलमानचा टायगर), आयएसआयची बाई (कतरिना), दोघं नोकऱ्या सोडून पळतात; हेरगिरी नुसती तोंडी लावायला. दिग्दर्शक कबीर खान. २०१७ च्या डिसेंबरात अली अब्बास जफरने दुसरा भाग आणला, तेव्हा त्याच्या हाती खरी घटना होती. २०१४ साली आयसिसच्या अतिरेक्यांनी इराकमधलं तिक्रीत घेतलं तेव्हा तिथल्या दवाखान्यात ४६ भारतीय नर्स अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. सिनेमात गावाचं नाव बदललंय आणि भारतीय नर्ससोबत पाकिस्तानी नर्सही आहेत, म्हणून रॉ आणि आयएसआय एकत्र कामाला लागतात. हीच कल्पना सिनेमाला तारते. दोन्हीकडच्या पोरांची एकमेकांना टोमणे मारत चाललेली दोस्ती बघताना आमच्या कोल्हापूरच्या थेटरातही शिट्ट्या पडल्या, आणि त्या काही फक्त सलमानच्या उघड्या अंगासाठी नव्हत्या. (त्याला जास्त पडल्या, हे खरं.)

मला सगळ्यात आवडला तो दवाखान्यात शिरायचा डाव. तेलाच्या रिफायनरीत मजूर म्हणून लागायचं, तिथं अपघात घडवायचा आणि जखमी होऊन थेट नर्सपर्यंत पोचायचं. याला म्हणायचं हेराचं डोकं! कतरिनाची मारामारीही सलमानपेक्षा जास्त पटते. ती उगाच कोपऱ्यात उभी नाही.

मग बिघडतं कुठं? उत्तरार्धात. तोवर रचलेलं सगळं सोडून टायगर मशीनगन घेऊन उभा राहतो आणि समोरचे पटापट पडतात. अहो, मग वेषांतराचा एवढा खटाटोप कशाला केला? अशक्य गोष्टी दाखवल्या म्हणून माझी तक्रार नाही. सुरुवातीला बर्फात लांडग्यांशी झुंज होते, तीही अशक्यच, पण मजा येते. कारण तिथं टायगरचा पोरगा सोबत आहे आणि त्याला काही होईल ही भीती आहे. शेवटी टायगरला काही होईल असं एक क्षणही वाटत नाही. आमच्या खासबागेच्या कुस्ती मैदानात एकतर्फी जोड लावली तर लोक फेटे सावरत उठून चालायला लागतात, तसं होतं. आणि वाईट याचं वाटतं की सज्जाद डेलाफ्रूझचा अबू उस्मान, म्हणजे अतिरेक्यांचा म्होरक्या, शांत, विचारी, खरंच धाक वाटावा असा उभा केला होता. त्याला शेवटी डोकं वापरायला जागाच ठेवली नाही.

गाणी, लांबी (दोन तास चाळीस मिनिटं), अमेरिकेच्या हल्ल्याआधी नर्स सोडवायची मुदत, यावर फार बोलण्यासारखं नाही. गिरीश कार्नाड मात्र दोन्ही भागांत रॉचे प्रमुख आहेत, आणि नुसते खुर्चीत बसून बोलले तरी खरे वाटतात.

प्रत्यक्षात त्या नर्सना सोडवायला कुणी कमांडो गेले नव्हते. पडद्याआडची बोलणी झाली आणि ५ जुलै २०१४ ला त्या विमानाने कोचीला उतरल्या. त्यांची बाजू बघायची असेल तर याच घटनेवरचा, २०१७ चाच मल्याळम ‘टेक ऑफ’ बघा. महेश नारायणनचा आहे, पार्वतीने फार ताकदीचं काम केलंय. टायगर आधी बघा आणि तो नंतर. उलटं केलंत तर टायगरच्या मशीनगनवर हसू येईल.