आठ महिन्यांच्या बाळाला डीएचए ड्रॉप्स आणि सहा वर्षांच्या मुलाला ओमेगा गमीज द्याव्यात का?

आपला प्रश्न असा आहे की, पूर्ण दिवसांची जन्मलेली आपली मुलगी आठ महिन्यांची आहे, अंगावर पिते, वरचे अन्नही सुरू झाले आहे आणि घर शाकाहारी आहे. तर बुद्धीच्या वाढीसाठी तिला डीएचए ड्रॉप्स द्यावेत का, आणि अभ्यासात लक्ष न लागणाऱ्या तिच्या सहा वर्षांच्या भावाला ओमेगा-3 च्या गमीज सुरू कराव्यात का. मी कोल्हापुरात राजारामपुरीत औषधांचे दुकान चालवतो, म्हणजे या बाटल्या खपल्या तर माझा फायदाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही माझे मत असे की मुलीला ड्रॉप्सची गरज नाही आणि मुलाला गमीजची तर मुळीच नाही. घ्यायचेच झाले तर ते आईने घ्यावे.

डीएचए हे ओमेगा-3 गटातील स्निग्धाम्ल मेंदूच्या आणि डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या पेशींमध्ये मोठ्या प्रमाणात असते, आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत ते मेंदूत झपाट्याने साठत जाते. जाहिरात इथपर्यंत खरे बोलते. मात्र एखादा घटक शरीराला लागतो म्हणून तो बाटलीतून वाढवून दिला की बुद्धीही वाढते, असे होत नाही, आणि ही गोष्ट अनेकदा तपासून झालेली आहे. पूर्ण दिवसांच्या बाळांच्या फॉर्म्युला दुधात अशी आम्ले घालून झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा बहुतेक चाचण्यांत बौद्धिक विकासाला फायदा झालेला दिसला नाही. आपल्याला जवळचे उदाहरण बेळगावचे आहे. तिथे 957 गर्भवतींना दोन गटांत विभागून एका गटाला रोज 400 मि.ग्रॅ. डीएचए बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत दिले गेले. मुले वर्षाची झाल्यावर विकासाच्या मोजमापात दोन्ही गट सारखेच निघाले. ऑस्ट्रेलियात तर गर्भवतींना रोज 800 मि.ग्रॅ. देऊन मुले सात वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा झाला, तरी बुद्ध्यांकात फरक पडला नाही.

मग युरोपीय संघाने 2020 पासून फॉर्म्युला दुधात डीएचए सक्तीचे का केले, असे दुकानात मला एका वडिलांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे. केवळ फॉर्म्युलावर असलेल्या बाळाला डीएचए मिळण्याचा दुसरा मार्ग नसतो, आणि आईच्या दुधात ते असतेच, म्हणून ती तरतूद समजण्यासारखी आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला ती लागू होत नाही. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांच्या दुधाच्या पावडरींची जाहिरात करायला बंदी आहे. त्याहून मोठ्या मुलांच्या पावडरी मात्र टीव्हीवर डीएचएचे नाव घेत राजरोस खपवल्या जातात.

अपवाद आहे तो फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. 29 आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज 60 मि.ग्रॅ. डीएचए दिल्यावर पाचव्या वर्षी त्यांचा बुद्ध्यांक सरासरी साडेतीन गुणांनी जास्त आढळला, पण त्याच प्रयोगात फुप्फुसांचा एक गंभीर आजार वाढण्याची शंकाही निर्माण झाली होती. हा निर्णय नवजात अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. काउंटरवर विचारून घेण्याचा नव्हे.

आता आपल्या मुलीचा हिशेब करू. जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी 2010 मध्ये सहा ते चोवीस महिन्यांच्या मुलांसाठी दर किलोमागे रोज 10 ते 12 मि.ग्रॅ. डीएचए सुचवले होते. म्हणजे आठ किलोच्या बाळाला 80 ते 96 मि.ग्रॅ. ती दिवसाला अर्धा लिटर दूध पीत असेल, तर त्यात सुमारे 20 ग्रॅम स्निग्धांश जातो, आणि जगभरच्या सरासरीप्रमाणे त्याचा 0.3 टक्के भाग डीएचए धरला तर तेथेच 60 मि.ग्रॅ. होतात. शाकाहारी आईच्या दुधात हे प्रमाण सहसा सरासरीपेक्षा कमी असते आणि ते आईच्या खाण्याप्रमाणे बदलते. त्यामुळे आईने डॉक्टरांना विचारून शेवाळापासून काढलेले रोज 200 मि.ग्रॅ. डीएचए घेतले, तर ते दुधावाटे बाळापर्यंत पोहोचते. त्याने मुलगी हुशार होईल असे मी म्हणत नाही. शाकाहारामुळे राहिलेली तूट भरून निघेल, एवढेच. घरात अंडे चालत असेल तर बाळाला नीट शिजवून द्यावे. मासे खाणाऱ्या घरांना तर कोकणातून घाट चढून येणारा बांगडा किंवा तारली, काटे नीट काढून, कोणत्याही बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

मुलाच्या बाबतीत ऑक्सफर्डच्या प्रयोगाची गोष्ट बोलकी आहे. 2012 मध्ये वाचनात मागे पडलेल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना 16 आठवडे रोज 600 मि.ग्रॅ. डीएचए दिले, तेव्हा सर्वांत मागे असलेल्यांचे वाचन थोडे सुधारले आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. 2018 मध्ये तसाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो फायदा दिसला नाही. तेव्हा आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत, झोप किती होते ते पाहावे. जेवणात जवसाची चटणी असू द्यावी. जवस भाजून कुटलेलेच हवे, कारण अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात. त्यातील ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्याचे डीएचए फारच थोडे बनवते, तरी ते स्वतः एक आवश्यक स्निग्धाम्ल आहे. कारळ्याची चटणी भाकरीबरोबर मलाही अधिक आवडते, पण ओमेगा-3 साठी ती उपयोगाची नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. डीएचएच्या नादात लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब मागे पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली, आणि लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीला बाधक ठरते, याबद्दल फारसा वाद नाही. पहिल्या वर्षी रोज 400 आययू ड जीवनसत्त्व, आणि सहा महिन्यांनंतर आशाताईंकडे मिळणारे लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा एक मि.ली., हे सुरू आहे का ते आपल्या डॉक्टरांकडे आधी विचारावे.

आईसाठी बाटली घेताना पुढची मोठी अक्षरे सोडून मागचा तक्ता वाचावा. ‘फिश ऑइल 1000 मि.ग्रॅ.’ लिहिलेल्या साध्या कॅप्सूलमध्ये डीएचए साधारण 120 मि.ग्रॅ.च असते. शेवाळाच्या तेलावर हिरवी शाकाहारी खूण असते. कॉड लिव्हर ऑइल हे याला पर्याय समजू नये, कारण त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते अंगात साठून त्रास देऊ शकते. बाटली उघडल्यावर खवट वास आला, तर पावतीसह परत आणावी. दुकानदाराने कुरकुर केली तरी.