दम्याच्या पंपातले सहा मायक्रोग्रॅम

संगमनेरहून एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. हातात दोन नोकऱ्या आहेत : एक गोळ्यांच्या कंपनीत क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता तपासणीची, दुसरी इनहेलरच्या मेथड डेव्हलपमेंटची, म्हणजे औषध मोजण्याची पद्धत बसवण्याची, पगार महिन्याला तीन हजारांनी कमी. मैत्रिणी म्हणतात, "एचपीएलसी ती एचपीएलसीच, जास्त पैसे घे." वडील स्वतः दम्याचा पंप घेतात. काय करू, असं तिने विचारलंय.

तुझ्या मैत्रिणींचं अर्धं बरोबर आहे. एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, तेच. कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, तोही बहुधा सी-18 प्रकारचाच. फरक आहे तो औषध कॉलमपर्यंत पोचवण्यात.

पाचशे मिलिग्रॅमची गोळी कुटून विरघळवली की काम सोपं. आता फोराकॉर्ट 200 हा दम्याचा पंप घे. एका मात्रेत बुडेसोनाइड 200 मायक्रोग्रॅम आणि फॉर्मोटेरॉल फक्त 6. दोन्ही एकाच क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे मशीन काढतं त्या आलेखात, मोजायची. शिवाय एकूण औषध किती, एवढ्यावर भागत नाही. साधारण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कणच फुप्फुसात खोलवर जातात, म्हणून मात्रा इम्पॅक्टर नावाच्या उपकरणातून ओढून आकारानुसार वेगळी करतात. एनजीआय नावाच्या इम्पॅक्टरला सात स्टेज, म्हणजे टप्पे, असतात. एखाद्या स्टेजवर फॉर्मोटेरॉल अर्धा मायक्रोग्रॅम आलं आणि ते 10 मिलीत धुतलं, तर मिलीलिटरमागे उरतं 0.05 मायक्रोग्रॅम. हा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, बेसलाइनच्या (तळरेषेच्या) खरखरीतून वर काढायचा. मेथड डेव्हलपमेंट म्हणतात ते हेच.

यातल्या खोड्याही वेगळ्याच. बुडेसोनाइड हे मुळात दोन एपिमरचं, म्हणजे रचनेत किंचित फरक असलेल्या दोन रूपांचं, मिश्रण, त्यामुळे जोडपीक दिसतो आणि नवखा पोरगा अशुद्धी सापडली म्हणून धावत येतो. रोटाकॅपमधली, म्हणजे तोंडाने ओढायच्या कॅप्सूलमधली, पूड बहुतांश लॅक्टोजची (दुधातल्या साखरेची). धुण्याच्या द्रावणात ॲसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट जास्त झालं की लॅक्टोज विरघळत नाही, सँपल गढूळ होतं. पाणी वाढवलं तर बुडेसोनाइड नीट विरघळत नाही. हे प्रमाण जुळवण्यातच कधी कधी आठवडा जातो.

समुपदेशनात येण्यापूर्वी मीही लॅबमध्ये होतो. एकदा माझा मास बॅलन्स लागोपाठ 82 टक्के येत होता. म्हणजे इम्पॅक्टरच्या सगळ्या भागांवरचं औषध मिळून लेबलच्या 85 ते 115 टक्के भरायला हवं. चार दिवस मी कॉलमला शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी सीनिअर मॅडम नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. तोंडाशी लावायचं रबरी ॲडॅप्टर मी न धुताच बाजूला ठेवत होतो! हरवलेलं औषध तिथेच चिकटलेलं होतं.

म्हणून स्वतःला एकच विचार : तीच भांडी, त्याच क्रमाने, दिवसातून सहा वेळा न कंटाळता धुशील? तुला याचा वीट येणार असेल तर क्यूसीत जा, त्यात कमीपणा काही नाही.

येणार नसेल, तर मी ही कमी पगाराची नोकरी घ्यायला सांगेन. हे काम येणारी माणसं थोडी असतात. त्यात आता पंपातला औषध बाहेर ढकलणारा एचएफए-134ए हा वायू (प्रोपेलंट) तापमानवाढीच्या कारणाने बदलून 152ए किंवा 1234झेडई आणण्याची धडपड चाललीय. प्रोपेलंट बदलला की फॉर्म्युलेशन बदलतं आणि मेथड पुन्हा तपासावी लागते. नोव्हेंबर 2023 मध्ये आयसीएच या औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेची मेथड डेव्हलपमेंटवरची क्यू-14 ही मार्गदर्शिका आणि मेथडच्या पडताळणीवरच्या क्यू-2ची नवी आवृत्ती आली आहे. मुलाखतीआधी दोन्ही वाचून जा. फुकट मिळतात.

मात्र होकार देण्याआधी कंपनीला दोन गोष्टी विचार. पहिल्या वर्षी मी मेथड बसवणार की बसवलेल्या मेथडवर नुसते सँपल चालवणार? आणि इम्पॅक्टर मला कोण शिकवणार? दुसऱ्या प्रश्नाला कुणाचं नाव न सांगता "शिकशील हळूहळू" असं उत्तर आलं, तर क्यूसीचे तीन हजार जास्त घे आणि वर्षभराने मला पुन्हा लिही.