तो सांगत नाही म्हणजे त्याला आठवत नाही, असं नसतं

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक शाळेच्या रिक्षातून आला तेव्हा खिसा फाटलेला, पाण्याची बाटली गायब, काय झालं विचारलं की नुसतं 'गाडी थांबली, गाडी थांबली', आणि शाळा म्हणते ऑटिझमवाल्या मुलाचं काय धरून बसता, त्याला कुठे आठवतंय. आठवतं हो. मी इकडे संगमेश्वर-रत्नागिरी पट्ट्यात विशेष मुलांना शिकवते, आमच्यातला एकजण शिमग्याची पालखी कुठल्या कुठल्या घरी थांबली ते ओळीने सांगतो, पण 'शिमग्याला काय मज्जा केलीस?' विचारा, गप्प.

'काय झालं' हा प्रश्न त्याच्यासाठी फार मोठा आहे, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. म्हणून आपण घाईने 'त्या मोठ्या पोरानं ढकललं का?' विचारतो आणि तो हो म्हणून सुटका करून घेतो. 'ढकललं की पडलास?' विचारलं तर बरीच मुलं शेवटचाच शब्द परत म्हणतात, उलट करून विचारा, उत्तरही उलटं, मग लोक म्हणतात खोटं बोलतोय. तेच तेच तीनदा विचारलं तरी त्याला वाटतं आधीचं उत्तर चुकलं, आणि तो ते बदलतो.

तो 'गाडी थांबली' म्हणतो ना, तिथूनच धरा. 'गाडी थांबली. मग?' एवढंच, आणि गप्प बसा, खरंच गप्प, मनात दहा आकडे मोजा. डोळ्यात बघ वगैरे अजिबात नको. कागद-पेन देऊन रिक्षा काढायला सांगा आणि काढता काढता बोलू द्या. २०१५ साली मॅटिसन, डँडो आणि ऑर्मरॉड या संशोधकांचा अभ्यास आला होता, त्यात चित्र काढत आठवल्याने अशा मुलांचं सांगणं सुधारलं होतं. चित्र त्याचं त्यानेच काढायचं हां, तुम्ही माणसं काढून दिलीत तर नसलेला माणूसही रिक्षात बसेल.

तो बोलेल ते जसंच्या तसं लिहा, तुमचा प्रश्नसुद्धा. 'तू रडलास' म्हणाला तर ते स्वतःबद्दलही असू शकतं, दुरुस्त करू नका. सांगताना हसला तर मनावर घेऊ नका.

एक मात्र गंभीरपणे सांगते. अंगाला नको तिथे हात लावल्याची जराही शंका आली तर घरी खोदून विचारू नका, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा पोलिसांत जा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मुलाचा जबाब घरीही घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत असं आहे, तुमच्यासमोर घेतात आणि विशेष शिक्षकाची मदतही मागता येते. ती मागाच, कोणी आपणहून देईल या भरवशावर राहू नका.

बाकी शाळेच्या मीटिंगला चित्राची झेरॉक्स द्या, मूळ कागद तारीख घालून घरी ठेवा, त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. आणि त्याआधी रिक्षावाल्या काकांना गाठून गाडी कुठे थांबली होती ते विचारा, बाटली सीटखाली सापडेलही.