मुलाला मायनस नंबर लागलाय. चष्मा कायम घातला तर नंबर वाढेल का?

नाही. चष्म्याने नंबर वाढत नाही, आणि मुद्दाम कमी नंबरची काच दिली म्हणून थांबतही नाही. मायनस नंबरात डोळ्याचा गोळा लांबीला जास्त वाढतो, त्यामुळे फळ्याची प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या अलीकडेच पडते. वाढत्या वयात नंबर बदलत राहतो. उणे 6 च्या पुढे गेला तर पुढे पडदा सुटण्याचा धोका वाढतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवा.

नंबर भराभर वाढत असेल तर अ‍ॅट्रोपिनच्या सौम्य थेंबांबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. वाढ मंदावते, पण लागलेला नंबर उतरत नाही. गाजर किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनीही उतरत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

धाकटं भावंड असेल तर त्याला आत्तापासूनच रोज दोन तास दिवसाउजेडी बाहेर खेळू द्या, त्याने नंबर लागण्याची शक्यता कमी होते. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ला, चार भिंती स्मारक हाकेच्या अंतरावर आहेत, आणि पोरं मात्र शाळेतून थेट क्लासला जातात, याचं फार वाईट वाटतं.

आणि हो, पहिली तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच करून घ्या. नुसत्या मशीनवर मुलांचा मायनस नंबर जास्त दिसू शकतो.