फवारणीचे कपडे कोण धुतं?

प्रश्न : माझं वय २७. निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. लग्नाला चार वर्षं झाली. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा अडीच महिन्यांच्या आतच गर्भ पडला. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर मालक डाऊनी या वेलीच्या रोगासाठी ब्लोअरनं मॅन्कोझेब हे औषध मारतात. त्यांचे कपडे मीच हातानं धुते, डिपिंगलाही, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायलाही, मीच असते. पुड्यावर हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे औषध साधं, असं घरातले म्हणतात. सासूबाई म्हणतात, दोष माझ्यातच आहे. औषधामुळे असं होतं का?

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बोलू. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. त्यात बाईचा काही दोष नसतो. एवढं त्यांना वाचून दाखवाच.

तुमचे दोन्ही गर्भ औषधानंच गेले, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, मीही नाही. पण हिरव्या त्रिकोणावर विसंबू नका. औषध एकदम पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती जहाल, एवढंच तो रंग सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. तेच औषध थोडंथोडं, हंगामच्या हंगाम अंगात जात राहिलं तर गर्भाचं काय, हे त्या त्रिकोणात कुठंच नाही. याच मॅन्कोझेबची परवानगी वाढवायला युरोपीय संघानं २०२० मध्ये नकार दिला. प्रजननाला घातक आणि संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारं, ही त्यामागची मोठी कारणं. अंगात गेल्यावर त्यापासून ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो थायरॉइडच्या कामात अडथळा आणतो. थायरॉइड बिघडला की पाळीही बिघडते आणि गर्भपाताचा धोका वाढतो.

कपड्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. दवाखान्यात आम्ही विचारतो, "फवारणी करता का?" बाई "नाही" म्हणते आणि विषय तिथंच संपतो. कोस्टा रिकामध्ये मातिना भागातल्या केळीबागांच्या परिसरात ४५१ गरोदर बायकांची लघवी तपासली होती. आदल्या दिवशी शेतीकामाचे कपडे धुतलेल्या बायकांत ईटीयू जास्त निघालं.

तेव्हा यापुढे ते कपडे तुम्ही धुवायचे नाहीत. मालकांनी घरात शिरण्याआधी ते उतरवावेत, अंघोळ करावी आणि वेगळ्या बादलीत, गरम पाण्यात स्वतः धुवावेत. दिवस राहावेत असं मनात असेल तोवर आणि राहिल्यावर तर डिपिंगही दुसऱ्या कुणाकडे द्या. जावंच लागलं तर लांब बाह्यांचा सदरा आणि रबरी हातमोजे घाला. घडाखाली औषधाच्या पाण्याचा मग (मोठा पेला) धरून हात वर केला की ओघळ थेट कोपरापर्यंत येतो, म्हणून मोज्याची कड बाहेर दुमडा. पानांवर बसलेलं औषध दंडाला, गळ्याला लागतं, ते घरी येताच साबणानं धुवा.

दोनदा गर्भ गेल्यावर तपासण्या टाळू नका. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (यांच्यामुळे रक्ताच्या गाठी होऊन गर्भ पडू शकतो) आणि गर्भाशयाची सोनोग्राफी करून घ्या. फॉलिक ॲसिड डॉक्टरांना विचारून आजच सुरू करा. जाताना मालकांना सोबत न्या आणि फवारणीची वहीही न्या. पाळीच्या आणि दोन्ही गर्भपातांच्या तारखा त्याच वहीत लिहून ठेवा, म्हणजे कोणत्या आठवड्यात काय मारलं होतं ते डॉक्टरांना समोरच दिसेल.